प्रयोगशाळेपासून गवंड्याच्या थापीपर्यंत

विद्यापीठांतील संशोधनाला पुरेसा पैसा मिळत नाही, ही तक्रार आपल्याकडे इतकी जुनी आहे की ती ऐकून आता कोणाची मान वर होत नाही. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा संमत केला आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले, तेव्हा या तक्रारीची काही दखल घेतली गेली असे म्हणता आले. त्यांपैकी ३६ हजार कोटी रुपये उद्योग, देणगीदार आदी सरकारी अंदाजपत्रकाबाहेरच्या मार्गांनी यावयाचे आहेत. ते कितपत येतील याविषयी शंका घेण्यास जागा आहे. कारण २०२०-२१ साली देशाचा संशोधनावरील एकूण खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता आणि त्यातही खाजगी उद्योगांचा वाटा अल्पच होता. पण पैशाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी अभियांत्रिकीच्या बाबतीत एक प्रश्न उरतोच, आणि तो पैशाइतकाच निकडीचा आहे. विद्यापीठात सापडलेले उत्तर ज्यांच्यासाठी शोधले, त्यांच्यापर्यंत ते न्यावयाचे कोणी?

या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राइतकी क्वचितच दुसऱ्या राज्याला ठाऊक असावी. सुमारे २६ वर्षांच्या अंतराने येथे दोन भूकंप झाले. पहिल्याने साऱ्या जगाच्या धरणबांधणीच्या शास्त्राला वळण दिले. दुसऱ्याने, उत्तर माहीत असूनही ते वापरात नसले म्हणजे काय होते, हे दाखवून दिले.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपमुक्त, अचल भूमी अशी तोपर्यंत अभियंत्यांचीच काय, भूशास्त्रज्ञांचीही समजूत होती. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण याच समजुतीच्या आधारे उभे होते. भूकंपाचा विचार त्याच्या आराखड्यात मुळीच नव्हता असे नाही. धरणाच्या वजनाच्या पाच टक्के एवढे आडवे बल त्याच्यावर सतत लागते आहे असे मानून हिशेब केलेला होता. त्या काळी जगभर हाच रिवाज होता आणि त्या हिशेबाने धरणाला तडा जाण्याचे कारण नव्हते.

प्रत्यक्षात तडे गेले. धरण फुटले नाही, परंतु उंच खंडांच्या दोन्ही अंगांवर आडव्या भेगा पडल्या. त्या सर्वत्र विखुरलेल्या नव्हत्या. धरणाच्या मागील बाजूचा उतार वरच्या भागात जेथे एकाएकी बदलतो, त्या पातळीच्या आसपास त्या प्रामुख्याने होत्या. आणखी एक गोष्ट त्या पहाटे घडली होती, जिचे महत्त्व पुढे कळले. धरणाच्या आत, पायाजवळच्या बोगद्यात एक त्वरणलेखक बसविलेला होता. जमीन किती वेगाने, कोणत्या दिशेने आणि किती वेळ हलली याची संपूर्ण नोंद त्याने करून ठेवली. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ६३ टक्के आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ४९ टक्के भरले. आराखड्यातील पाच टक्के आणि नोंदीतील ४९ टक्के हे आकडे शेजारी ठेवले म्हणजे ते धरण उभे कसे राहिले, हाच प्रश्न अधिक अवघड वाटू लागतो. ज्यांनी आणीबाणीची चाहूल नसताना तेथे ते यंत्र बसविले आणि चालू स्थितीत राखले, त्यांचे नाव कोणत्याही संशोधनपत्रिकेच्या मुखपृष्ठावर झळकलेले नाही. पण पुढचे सारे संशोधन त्या नोंदीवर उभे आहे.

या नोंदीचा अभ्यास दोन विद्यापीठांत विशेष झाला. एक आपले रुडकी. १८४७ मध्ये स्थापन झालेले तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९४९ मध्ये विद्यापीठ झाले आणि १९६० मध्ये प्रा. जयकृष्ण यांच्या पुढाकाराने तेथे भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र विद्यालय निघाले. कोयनेच्या नोंदीचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले विश्लेषण १९६९ मध्येच प्रसिद्ध झाले. दुसरे विद्यापीठ अमेरिकेतील बर्कली. तेथे अनिल चोप्रा अध्यापन करीत होते. त्यांचे पदवीशिक्षण बनारस हिंदू विद्यापीठातले. त्यांनी आणि चक्रवर्ती या सहकाऱ्याने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कोयनेचे कोडे पुष्कळसे उलगडले.

उलगडा समजण्यास कठीण नाही. धरण म्हणजे जमिनीवर ठेवलेली निर्जीव शिळा आहे असे जुना हिशेब मानीत असे. वस्तुतः इतके उंच काँक्रीटही भूकंपात झुलते, आणि वेताची काठी हलविली की तिचे टोक जसे अधिक हलते, तसा धरणाचा माथा तळापेक्षा कितीतरी अधिक हलतो. माथ्यावर रस्त्यासाठी आणि लाटांना अटकाव म्हणून घातलेले जादा काँक्रीट या झुलण्यात मदत करण्याऐवजी भारच होते. या साऱ्याचा परिणाम उतार बदलण्याच्या ठिकाणी एकवटतो आणि तेथे काँक्रीटला सोसवेल त्याच्या कितीतरी पट ताण पडतो. काँक्रीट दाबाला कणखर असते, ताणाला नव्हे. निबंधातील गणिताने ताण जेथे सर्वाधिक दाखविला, नेमके तेथेच कोयनेत तडे होते. याचा अर्थ असा की दोष कोयनेच्या बांधकामाचा नव्हता. हिशेबाची जी पद्धत साऱ्या जगात वापरली जात होती, तिचा होता.

हे गणित ज्या फायनाइट एलिमेंट पद्धतीने झाले, तिची हकीगतही या संदर्भात सांगण्याजोगी आहे. एखादी मोठी रचना असंख्य लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याचा हिशेब संगणकाकडून करून घ्यावयाचा, हे तिचे सूत्र. बर्कलीचे रे क्लफ हे १९५० नंतरच्या दशकात बोइंग कंपनीत उन्हाळी कामासाठी गेले असता विमानाच्या पंखांच्या प्रश्नातून तिचा प्रारंभ झाला. पुढे तिचा एक पहिला मोठा उपयोग आर्कान्सा राज्यातील नॉरफोर्क या तडा गेलेल्या धरणाच्या अभ्यासात झाला. विमानाच्या पंखासाठी शोधलेली पद्धत अशी धरणाकडे आणि तेथून कोयनेच्या खोऱ्यापर्यंत आली. 'उपयुक्त' आणि 'निव्वळ ज्ञानासाठी' अशी संशोधनाची विभागणी करून आपल्याकडे समित्यांमध्ये जे वाद रंगतात, त्यांत भाग घेणाऱ्यांनी हा प्रवास एकदा डोळ्यांखालून घालावा.

तथापि कोयनेच्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग निबंध प्रसिद्ध होण्याच्या आधी आणि नंतर घडला. धरणाच्या उंच खंडांना मागील बाजूने टेकूभिंती बांधून बळकटी देण्यात आली. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण या शतकात पार पडले. भारतीय मानक संहितेने १९७० मध्ये देशाचा भूकंपविषयक नकाशा बदलला, कोयना परिसर चौथ्या विभागात टाकला आणि 'शून्य विभाग' ही कल्पनाच रद्द केली. भारतात कोठेही भूकंपाची शक्यता शून्य मानणे शास्त्रशुद्ध नाही, हे त्यामागचे कारण होते. बर्कलीतही निबंध लिहून काम संपले असे कोणी मानले नाही. कोयनेच्या एका खंडाची छोटी प्रतिकृती करून ती कंपनमंचावर मोडेपर्यंत हलविण्यात आली. पुढे १९८० नंतरच्या दशकात चोप्रा आणि त्यांचे सहकारी फेनव्हिस यांनी या साऱ्या गणिताचे एक सोपे रूप तयार केले. ज्याच्यापाशी मोठा संगणक नाही अशा पाटबंधारे अभियंत्यालाही कागदावर प्राथमिक आराखडा करता यावा, एवढाच त्याचा हेतू होता. विद्यापीठातील बढत्यांच्या हिशेबात असल्या कामाला फारशी किंमत मिळत नाही. उपयोग मात्र त्याचाच अधिक होतो.

कोयनेत ज्ञान वापरात आले याचे एक कारण साधे आहे. धरणाला एकच मालक असतो, तो म्हणजे शासन. त्याच्या पदरी अभियंते असतात, ते संशोधनपत्रिका वाचतात, त्यांना तज्ज्ञांना बोलावण्याचा अधिकार असतो आणि धरण फुटले तर खाली काय होईल याची धास्ती मंत्र्यालाही असते. किल्लारीत यांतले काहीच नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली; विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पावणेचारनंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. त्याचे परिमाण ६.२ होते, म्हणजे कोयनेपेक्षा किंचित कमीच. मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या मात्र सुमारे आठ हजार. ही माणसे भूकंपाने मारली असे म्हणणे अर्धसत्य होईल. ती घरांनी मारली. ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती आणि वर मातीचे जाड माळवद. अशी भिंत दिसावयास किल्ल्यासारखी असते. पण तिच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांच्या थरांना एकमेकांत गुंफणारे काही नसते, मधली पोकळी चिपा-मातीने भरलेली असते. धक्का बसताच दोन थर परस्परांपासून सुटतात, भिंत ढासळते, आणि माळवदाची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर येते. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर नीट तोललेला होता, त्यांतली काही भिंती पडूनही उभी राहिली.

आता ज्ञानाची बाजू पाहावी. अशा घराला काय करावयास हवे, हे १९९३ मध्ये अज्ञात होते काय? मुळीच नाही. इमारतींच्या भूकंपरोधक बांधणीविषयीची पहिली भारतीय मानक संहिता १९६७ मध्ये, म्हणजे कोयना भूकंपाच्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. रुडकीत आनंद आर्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य माणसाच्या दगडविटांच्या घरांवर अनेक वर्षे काम केले होते. परदेशातील महागडा कंपनमंच परवडत नव्हता, तेव्हा रुडकीकरांनी रुळांवर चालणारा एक मंच केला आणि त्याला भरलेल्या रेल्वे वाघिणींची धडक देऊन वर उभारलेली विटांची घरे हलविली. भिंतींना दरवाजे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सर्व बाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा बांधला, कोपऱ्यांत सळ्या उभ्या केल्या, की घर कितीतरी अधिक तग धरते, हे अशा प्रयोगांतून दिसून आले. पट्टा केवढा? जाडी ७५ मिलिमीटर आणि आत दोन सळ्या, एवढ्यापासून सुरुवात होते. दगडी भिंतीत ठरावीक अंतराने दोन्ही अंगांना गुंफणारा आरपार दगड घालावा, हे तर त्याहूनही स्वस्त. त्याला सिमेंटही लागत नाही. मातीची घरे आणि कमी ताकदीच्या दगडविटांची घरे यांच्यासाठी दोन स्वतंत्र संहिताही तयार झाल्या. त्यांच्यावरील प्रकाशनाचे वर्ष १९९३ हेच आहे.

म्हणजे प्रयोग झाले होते, उत्तर सापडले होते, ते स्वस्त होते आणि छापूनही तयार होते. तरीही किल्लारीच्या गवंड्यापर्यंत ते पोहोचण्याची वाट नव्हती. संहिता इंग्रजीत, विकत घ्यावयाची, आणि शहरातल्या वास्तुविशारदालाही ती वाचण्याची सक्ती नाही, तेथे गवंड्याने ती वाचावी अशी अपेक्षा कोण करील? त्यातच नकाशाने हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात टाकलेला होता; त्यामुळे ज्या अभियंत्याने संहिता वाचली असती, त्यालाही ती आपल्यासाठी आहे असे वाटले नसते. किल्लारी तिसऱ्या विभागात आली ती २००२ मध्ये.

भूकंपानंतर हेच ज्ञान गावोगाव गेले. ५२ गावे नव्याने वसविण्यात आली. त्यापलीकडे जागतिक बँकेच्या साह्याने सुमारे दोन लाख उभ्या घरांची दुरुस्ती व मजबुती घरमालकांकडूनच करून घेण्यात आली: माळवदाची माती कमी करा, आरपार दगड बसवा, वर पट्टा घाला. गावातल्या गवंड्यांना शिकविले, कनिष्ठ अभियंत्यांना गावात बसविले. प्रयोगशाळेतील उत्तर थापीपर्यंत नेण्याचे एवढे मोठे काम त्यापूर्वी देशात क्वचितच झाले असेल. ते होण्यासाठी आठ हजार माणसे आधी मरावी लागली.

वाहक कोण, हा प्रश्न भूजनंतर पुन्हा उभा राहिला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर, अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी पुष्कळांच्या तळमजल्यावर भिंतीच नव्हत्या. मोटारी लावण्यासाठी तो खांबांवर मोकळा सोडलेला होता. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा लवचीक, म्हणून सारी हालचाल खालच्या खांबांवर येते. हा धोका कानपूर आयआयटीच्या प्राध्यापकांनी १९९७ च्या जबलपूर भूकंपानंतरच दाखवून दिला होता. २००२ च्या संहितेत अशा मजल्याचे खांब अडीचपट बलासाठी आखण्याची तरतूद आली. पण तिचा अर्थ समजणारे अभियंते कोठून आणावयाचे? भूकंप अभियांत्रिकी हा विषय बहुसंख्य महाविद्यालयांत शिकविलाच जात नव्हता, कारण तो शिकविणाऱ्यांनाही तो कोणी शिकविलेला नव्हता. म्हणून २००३ ते २००७ या काळात केंद्राने आयआयटी आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांच्यामार्फत महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला. नवे संशोधन त्यात थोडेच होते. पण एखाद्या निबंधापेक्षा प्रशिक्षित अध्यापकांची एक पिढी इमारतींच्या सुरक्षिततेला अधिक उपकारक ठरते, हे ओळखणारा असा कार्यक्रम आपल्याकडे विरळाच. पुण्या-मुंबईत खांबांवर उभ्या असलेल्या हजारो जुन्या इमारती २००२ पूर्वीच्या आहेत आणि २००२ व २०१६ या दोन्ही संहितांनी या शहरांना तिसऱ्या विभागात ठेवले, याची आठवण या निमित्ताने करून द्यावयास हरकत नाही.

नव्या प्रतिष्ठानाच्या पैशाचा विचार या अनुभवाच्या उजेडात व्हावयास हवा. अध्यापकाची बढती प्रसिद्ध निबंधांच्या संख्येवर ठरणार असेल, तर तो असाच प्रश्न निवडील की ज्याचे उत्तर प्रसिद्ध होईल. ज्याचे उत्तर वापरले जाईल, असा प्रश्न तो का निवडील? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयाची परिस्थिती तर आणखी विचित्र असते. दाबयंत्र असते, ते बहुधा ठेकेदारांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी करून शुल्क मिळविण्याच्या उपयोगी पडते. आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आदल्या वर्षीच्या प्रकल्पावर नवे पुठ्ठे चढवीत असतात. पाच किलोमीटरवरच्या गावात टाकी गळत असते, पूल खचत असतो, आणि जिल्हा परिषदेच्या अभियंत्याला आपल्या शेजारी एक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे याचा उपयोग काय, हे सुचत नाही.

हे बदलणे अशक्य नाही, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'सितारा' हे केंद्र आहे. तेथील अध्यापक-विद्यार्थी नळयोजना का बंद पडतात, याचा गावात राहून अभ्यास करीत आले. तोच नमुना राज्यभरच्या महाविद्यालयांपुढे ठेवण्यासाठी २०१६ च्या सुमारास 'उन्नत महाराष्ट्र अभियान' निघाले. विदर्भ-मराठवाड्यातील कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धतही याच संस्थेत घडली. येथे एक गोष्ट घडली जी एरवी घडत नाही: शासनाच्या एका खात्याने प्रश्न विचारला, त्याच्यासाठी पैसे दिले आणि उत्तर वापरण्याची जबाबदारी आपल्याकडे घेतली. असे अभियान एखाद्या सचिवाच्या उत्साहावर चालते आणि त्याच्या बदलीबरोबर मंदावते, हा मात्र आपल्याकडचा नेहमीचा धोका आहे. त्यावर उपाय म्हणजे जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यातच अशा अभ्यासासाठी ठरावीक तरतूद ठेवणे.

एक काम तर उद्याही सुरू करता येईल. किल्लारीनंतर ज्या सुमारे दोन लाख घरांना मजबुती दिली, त्यांना आता तीस वर्षे होऊन गेली. किती घरांत तो पट्टा अजून शाबूत आहे, किती ठिकाणी त्याच्यावर नवा मजला चढला, किती गावांत १९९३ नंतर जन्मलेल्या गवंड्याला आरपार दगड का घालावयाचा हे माहीत आहे, याची गावनिहाय मोजणी लातूर आणि धाराशिवमधील महाविद्यालयांकडे सोपविता येईल. त्यासाठी कंपनमंच लागणार नाही. प्रत्येक महाविद्यालयातले दोन अध्यापक, शेवटच्या वर्षाचा एक वर्ग, सुगीनंतरचे तीन महिने आणि त्यांनी लिहिलेला अहवाल वाचून सही करणारा जिल्हा परिषदेचा एक अभियंता, एवढे पुरे आहे.